हर्नियाबरोबर मोफत

विमा कंपनीच्या बेळगावच्या कचेरीनं मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे खरं कोण आणि खोटं कोण, याचा अंदाज घेत कुणाला वाचायला नको. हप्ते मी भरले, पोट माझं फाडलं, टाके मला पडले. आणि कागदावर त्यांनी लिहिलं की या बाईनं सुंदर दिसण्यासाठी ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. निपाणीत माझा बारदानाचा धंदा होता, म्हणजे रिकामी पोती घ्यायची, शिवायची आणि विकायची. अंगाला बारा महिने तागाचा वास. त्या वासात राहून सुंदर दिसायचं कुणाला सुचतं, ते मला ठाऊक नाही.

धंदा मी शून्यातून उभा केला. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होते. वखारीच्या मागं फाटकी पोती फेकलेली असायची. ती मी मालकाकडून कवडीमोलानं घेतली, दाभण आणि सुतळीनं शिवली आणि गुळाच्या व्यापाऱ्याला विकली. पुढं दुकान झालं, हाताखाली सहा बायका आल्या. अक्षरंसुद्धा मी पोत्यांवरच शिकले. मराठी आणि कानडी दोन्ही. इंग्रजीतलं मात्र मला कोणीतरी वाचून दाखवावं लागायचं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

पोटाचं सांगते. माझी पाच बाळंतपणं झाली, त्यातलं शेवटचं जुळ्यांचं. जुळी चालायला लागली तरी पोट काही जागेवर आलं नाही. कातडं पुढून घडी पडून खाली लोंबायचं. उन्हाळ्यात त्या घडीत घाम साचायचा, लाल व्हायचं, चिघळायचं. मी आत धुतलेल्या मांजरपाटाची पट्टी घालून दिवसभर दुकानात उभी राहायची. वळताना आधी मी वळायची, मग पोट सावकाश मागनं यायचं. शिवणाऱ्या बायका म्हणायच्या, "आक्का, तुमच्या मागनं गाडीचा डबा यायलाय."

त्याच सुमारास सदलग्याचे एक मास्तर दुकानात यायला लागले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.नं निपाणीला यायचे आणि विमा विकायचे. सरकारी नोकराला एजन्सी घेता येत नाही म्हणून ती बायकोच्या नावावर होती. ती बायको आम्ही कुणी पाहिलेली नव्हती. मास्तर म्हणाले, "आक्का, आता आजारपणाचा विमा निघालाय. दवाखान्यात पडला तर खर्च कंपनी देणार."

"आणि न्हाय पडले तर?"

"तर देवाची कृपा म्हणायची."

"मग हप्ता देवालाच देते की. तो तरी फॉर्म भरून घेत न्हाय."

तरी मी विमा घेतला. का घेतला ते खरं सांगते: हप्त्यात एक पैसासुद्धा कमी होत नाही असं मास्तर म्हणाले, आणि ज्या मालाचा भाव हलत नाही तो माल चांगला असतो असा माझा तोवरचा अनुभव होता. मात्र नुसत्या पावतीवर मी त्यांना सोडलं नाही. दोन कॅलेंडरं आणि एक प्लॅस्टिकची फाईल वर घेतली.

हे 'वर घेणं' काय असतं ते नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या धंद्यात शंभर पोती घेतली की चार वर मिळतात. न मागता कोणी देत नाही, मागितल्यावर नाही म्हणत नाही. पण ती चार पावतीवर लिहून घ्यावी लागतात: 'चार वर, गिऱ्हाइकाच्या मागणीवरून, मोफत.' नाहीतर मार्केट यार्डाच्या फाटकावरचा माणूस गाडी मोजतो आणि म्हणतो, शंभराची पावती आहे, ही चार कुठली? एकदा मी अशी अडकले होते. सगळ्या यार्डासमोर चोर ठरले, आणि चार पोत्यांसाठी अख्खा दिवस उन्हात उभी राहिले. त्या दिवसापासून फुकट मिळालेली वस्तू मी कागदाशिवाय हलवली नाही.

विमा घेऊन तीन महिने झाले नाहीत तोच गठ्ठा उचलताना बेंबीजवळ काहीतरी कळकन हललं. बघते तर लिंबाएवढा गोळा. निपाणीच्या डॉक्टरांनी तो बोटानं आत ढकलला आणि म्हणाले, हर्निया आहे, बेळगावला जाऊन ऑपरेशन करून घ्या. मी मास्तरांना गाठलं.

मास्तरांनी पुस्तिका काढली. "पहिल्या वर्षी हर्निया बसत न्हाय, आक्का."

"मग पहिल्या वर्षी काय बसतं?"

"अपघात बसतो."

"मग मी एस.टी.खाली जाऊ काय? तुम्ही येता त्याच एस.टी.खाली जाते, म्हणजे तुम्हाला साक्षीदार व्हायला बरं."

नऊ महिने थांबले. मांजरपाट दुहेरी करून स्वतः पट्टा शिवला, तो कमरेला आवळला, गोळा आत दाबून धरला आणि धंदा केला. खोकला आला की दोन्ही हातांनी पोट धरायची. समोरच्या व्यापाऱ्याला वाटायचं, ही बाई भाव ऐकून कळवळली. त्या नऊ महिन्यांत मला दोन-तीन सौदे चांगले पडले, ते नाकारत नाही.

दुसरा हप्ता भरला आणि बेळगावला गेले. नवरा बरोबर होता. तो नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर, फार न बोलणारा माणूस. तिथले सर्जन तरुण होते, पण हात शांत. पोट उभ्यानं बघितलं, झोपवून बघितलं, ती घडी उचलून खालचं चिघळलेलं बघितलं. म्हणाले, "नुसता हर्निया शिवून भागणार नाही. हे कातडं असंच लोंबत राहिलं तर खालची घाण टाक्यात जाईल. पोटाचे सैल झालेले स्नायूही ओढून घ्यावे लागतील. दोन्ही एकदमच करू."

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. साखर आहे का? नव्हती. आणखी मूल हवं आहे का? असेल तर आता ऑपरेशन नको.

"डॉक्टर, मी शिवून घ्यायला आलेय, भरायला न्हाय."

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

"दात घासायला काय वापरता?"

"मशेरी." निपाणीत राहून दुसरं काय वापरणार?

"ती बंद. ऑपरेशनच्या आधी एक महिना आणि नंतर एक महिना. आपण कातडं ताणून शिवणार. तंबाखूनं तिथं रक्त पोचत नाही, मग टाक्याच्या कडेचं कातडं काळं पडतं."

"पंधरा दिवस करा."

"बाई, ही घासाघीस तुम्ही माझ्याशी करताय की तुमच्या कातड्याशी?"

 महिना कबूल केला. पुढं त्यांनी सांगितलं की एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत व्रण राहील, बेंबी सोडवून नव्या जागी बसवावी लागेल, आणि तीन महिने गठ्ठा उचलायचा नाही. व्रणाचं मला काही वाटलं नाही. बेंबीबद्दल मी एवढंच म्हणाले की जागा तुम्ही ठरवा, पण मधोमध असू दे.

मग पैशाची गोष्ट निघाली. हर्नियाचे वेगळे, कातड्याचे वेगळे. इथं मी सरळ बसले.

"डॉक्टर, पोतं उसवलं की शिवायच्या आधी फाटकी कड कापावी लागते. कापायचे वेगळे पैसे मी आजवर कुणाकडनं घेतले न्हाईत."

"पोतं आणि पोट यांत फरक आहे."

"व्हय, पोत्याला भूल द्यावी लागत न्हाय. भुलीचे पैसे देते की."

अर्धा तास लागला. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बरं बाई, हर्नियाचे द्या. कातडं फुकट."

"लिहून द्या."

"त्याची काही गरज नाही."

"डॉक्टर, फाटकावर कुणी विचारलं तर?"

कुठलं फाटक ते त्यांना कळलं नाही, पण ऑपरेशननंतर बिल करताना त्यांनी शब्द पाळला. बिल इंग्रजीत होतं. त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं: हर्नियाची शस्त्रक्रिया, त्याची फी. आणि खाली, पोटावरचं जादा कातडं काढणं, रुग्णाच्या मागणीवरून, मोफत. मी समाधानानं मान हलवली. माझ्या हयातीतला सगळ्यात मोठा 'वर' मी मिळवला होता, आणि तोही कागदावर.

हॉस्पिटलात दहा दिवस होते. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा विचारलं की कापलेलं कातडं किती भरलं. नर्सला वाटलं भुलीत बरळते आहे. पण वजनाशिवाय माल टाकायचा नाही ही माझी रीत. तिनं डॉक्टरांना विचारून सांगितलं, सव्वादोन किलो. नवरा म्हणाला, "बरं झालं, एस.टी.त जागा हुईल." लग्नानंतर त्यानं केलेली ही बहुतेक तिसरी चेष्टा.

घरी आले, कमरेत वाकून महिनाभर चालले, मग हळूहळू सरळ झाले. मांजरपाटाची पट्टी गेली. खाली वाकून पोत्याची शिवण बघता यायला लागली. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. मास्तरांनी फॉर्म भरला, बिल जोडलं, पाठवलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. शनिवार होता, दुकानात बायका शिवत होत्या, एक व्यापारी भाव करत उभा होता. मास्तरांनी पाकीट फोडलं आणि वर्गात धडा वाचावा तसं मोठ्यानं मराठी करून वाचलं. सदर शस्त्रक्रिया रुग्णाच्या मागणीवरून सौंदर्यवर्धनासाठी केलेली असल्यामुळे दावा नामंजूर.

दाभणं थांबली. एक बाई म्हणाली, "अगं बया, आक्का. आम्हाला म्हणालात हर्निया, आणि गेलता नटी व्हायला?"

दुसरी म्हणाली, "म्हणून मी म्हणतेय, आक्का लुगडं हल्ली खाली का नेसायलेत."

हे मी हसून सोडलं असतं. पण तो व्यापारी ऐकून गेला. सोमवारी यार्डात मी एकाला भाव सांगितला तर तो म्हणाला, "लई चढवलासा आक्का. व्हय, पावडरचा खर्च निघायला पाहिजे की." सगळे हसले. बाहेरच्या माणसाला यातलं दुखणं कळायचं नाही. भाव सांगताना समोरचा घाबरला पाहिजे, निदान गप्प बसला पाहिजे. तो हसला की भाव पडला. वीस वर्षं मी यार्डात कुणाला माझ्या तोंडावर हसू दिलं नव्हतं. आता चारदा भाव सांगावा लागायचा आणि पाचव्यांदा मीच उतरायची. पैसे परत मिळाले नसते तरी मी कसंबसं गिळलं असतं. मला तो शब्द खोडून पाहिजे होता.

नवरा म्हणाला, "सोड की. कागदच हाय तो."

"कागदावरच सगळं चालतं," मी म्हणाले, आणि बेळगावची गाडी धरली.

कचेरीतले साहेब धारवाडकडचे, सभ्य माणूस. बोलणं सगळं कानडीत झालं, इथं मराठीत लिहिते. त्यांनी बिल काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा. 'रुग्णाच्या मागणीवरून.' म्हणजे तुमची इच्छा होती."

"साहेब, माझी इच्छा मोफतची होती. कातडं काढायचं हे डॉक्टरांचं म्हणणं. फुकट काढा हे माझं म्हणणं."

"तसं इथं लिहिलेलं नाही."

"मी सुंदर व्हायला गेले हे तरी कुठं लिहिलंय?"

"मागणीवरून केलेली, आजारासाठी नसलेली, म्हणजे सौंदर्यासाठीच. तिसरा रकाना नाही."

"साहेब, सव्वादोन किलो कापून टाकलंय. ते सौंदर्य होतं तर ते बादलीत गेलं. मग माझ्याकडं काय राहिलं?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून फाईलमागं तोंड लपवून हसला. साहेब हसले नाहीत. मी म्हणाले, बरं, ती ओळ सोडा, निदान हर्नियाचं तरी द्या. मग मीच म्हणाले, पाऊण द्या. साहेब म्हणाले, "आगंगिल्ल," म्हणजे व्हायचं नाही. इथं भाव करत नाहीत. पण एक वाट सांगितली: कातडं काढणं गरजेचं होतं असं डॉक्टरांकडून लेखी आणा.

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. "मी तेव्हाच म्हणालो होतो, लिहायची गरज नाही."

"मग माझं ऐकलंत कशाला? माझ्यासारख्या किती येत असतील तुमच्याकडं."

"तुमच्यासारखी आजवर एकच आली," ते म्हणाले, आणि प्रमाणपत्र लिहून दिलं. स्वच्छ लिहिलं, कातडं काढलं नसतं तर जखम चिघळली असती आणि हर्निया पुन्हा उलटला असता. त्याचे पैसे घेतले नाहीत. या वेळी मी 'मोफत' लिहून घेतलं नाही. तेवढी शहाणी झाले होते.

पुन्हा दोन महिने गेले. पुन्हा पत्र आलं. या वेळी मास्तरांना आतल्या खोलीत नेलं आणि हळू वाचायला सांगितलं. दावा अंशतः मंजूर. हर्नियाच्या ऑपरेशनची फी मिळेल. खाटेचे आणि औषधाचे दहा दिवस धरले आहेत, पैकी पाच दिवस हर्नियासाठी, पाच दिवस सौंदर्यवर्धनासाठी. सौंदर्याचे पाच दिवस वजा.

मास्तरांना वाटलं मी खूश होईन. "आक्का, बहुतेक सगळं मिळालं की."

"शब्द तसाच हाय."

"शब्दाचं काय घेऊन बसलाय?"

"मास्तर, विमा तुम्ही विकलात. जाऊन सांगा त्यांना."

मास्तरांनी छत्री उचलली. "तसं बघितलं तर एजंट मी न्हाय. कागदावर घरची हाय."

दुसऱ्या दिवशी मी सदलग्याला गेले. मास्तरांची बायको अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "मला सही कर म्हणत्यात, मी करते. कशावर केली ते आजवर कुणी सांगितलं न्हाय. बसा आक्का, च्या करते." चहा चांगला होता. तिच्याशी भांडायचं काही कारण उरलं नाही.

बेळगावात साहेब म्हणाले, ही वाटणी आम्ही केली नाही, वरच्या कचेरीतून आली. वरची कचेरी कुठं, तिथं कोण, ते सांगायचा त्यांना अधिकार नव्हता. डॉक्टर म्हणाले, मी खरं तेच लिहिलं. मास्तर दोन शनिवार फिरकले नाहीत, आणि आले तेव्हा पुढच्या हप्त्याची पावती घेऊन आले. चेक मी वटवला. हक्काचा पैसा सोडायला मी काही साधू नव्हे. पण पोचपावतीवर सहीच्या वर मराठीत लिहिलं, 'रक्कम मिळाली, शब्द मान्य नाही.' त्याचं उत्तर आलं नाही. आणखी तीन पत्रं टाकली, मराठीत एक, कानडीत एक आणि गल्लीतल्या एका शिकलेल्या पोरीकडून इंग्रजीत एक. कुठल्याच भाषेत उत्तर आलं नाही.

यार्डातले लोक काही काळानं चेष्टा विसरले, कारण मी त्यांना विसरायला लावलं. पण ते पत्र त्यांच्या कुठल्यातरी कपाटात आहे, आणि त्यात मी अजून पाच दिवस सुंदर होत पडलेली आहे.

मला ते दहाही दिवस आठवतात. पहिल्या दिवशी शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी पोटातून नळी बाहेर सोडलेली होती आणि पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घालायला बंदी होती. तिसऱ्या दिवशी दोन नर्सांनी धरून उभी केली आणि मी त्यांच्या आयाबहिणींचा उद्धार केला. चौथ्या, पाचव्या दिवशी नवऱ्यानं चमच्यानं पेज भरवली. सहाव्या दिवशी ताप. सातव्या दिवशी नळी निघाली. आठव्या दिवशी कमरेत वाकून वॉर्डाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. नवव्या दिवशी शिंक आली, आणि टाके तुटले असं वाटून मी रडले. दहाव्या दिवशी निम्मे टाके काढून मला घरी पाठवलं. वरच्या कचेरीत बसून ज्या कुणी यांची वाटणी केली तो आता रिटायर झाला असेल, पेन्शन खात असेल. त्यानं समोर यावं, हे दहा दिवस बोटावर मोजावेत, आणि त्यातले सौंदर्याचे पाच कुठले ते मला एकेक करून दाखवावं. दाखवता येत नसेल तर स्वतःच्या हातानं तो शब्द खोडून, खाली सही करून द्यावी.